उत्तर हजारपट चुकतंय? नॅनोमीटर, मायक्रोमीटर आणि मीटरच्या रूपांतरातली चूक कशी शोधावी

प्रयोगवह्या, प्रकल्प अहवाल आणि स्प्रेडशीट तपासताना एक चूक मी वर्षानुवर्षं दुरुस्त करत आलो आहे. नॅनोमीटरचं मीटर, मायक्रोमीटरचं मिलिमीटर किंवा अँगस्ट्रॉमचं (नॅनोमीटरच्या दहाव्या भागाचं) नॅनोमीटर करताना उत्तर भलतंच येतं. माणूस हुशार असतो, सूत्र बरोबर असतं, तरीही हे होतं. या चुकीचा एक गुण मात्र आपल्या उपयोगाचा आहे: ती सहसा वेडीवाकडी नसते. अंक बरोबर असतात, फक्त दशांश चिन्ह दुसरीकडे जाऊन बसलेलं असतं. ते किती घरं सरकलं हे मोजलं, की चूक कुठे झाली हे बहुतेक वेळा तिथेच कळतं. पुढच्या सगळ्या तपासण्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

लेखनाबद्दल एक खुलासा. खाली १०^−९ असं दिसेल तिथे ते "दहाचा उणे नववा घात" असं वाचा.

लक्षणं

पुढचं काही दिसत असेल तर तुमची अडचण हीच आहे.

- दृश्य प्रकाशाची तरंगलांबी काही मीटर येते, किंवा अणूहूनही लहान येते.
- तुमचं आणि सहकाऱ्याचं उत्तर अंकाला अंक जुळतं, पण एक दुसऱ्याच्या बरोबर हजारपट आहे.
- लांबी बरोबर येते, पण तीच लांबी वापरून काढलेलं क्षेत्रफळ किंवा घनफळ अशक्य वाटतं.
- स्प्रेडशीटचा अख्खा रकाना ०.०० दाखवतो.
- त्रिमितीय मॉडेल उघडल्यावर पडद्यावर काहीच दिसत नाही; खूप झूम केल्यावर एक ठिपका सापडतो.
- उत्तर कधी बरोबर येतं, कधी दहापट चुकतं, आणि दरवेळी आपण तेच केलं अशी खात्री असते.

शेवटचं लक्षण दिसलं तर थेट कॅल्क्युलेटरच्या तपासणीकडे जा. नाहीतर क्रमाने चला. पहिल्या तपासण्यांना कागदसुद्धा लागत नाही.

आधी दिशा बघा

एकक लहान झालं की आकडा मोठा होतो, एकक मोठं झालं की आकडा लहान होतो. ६५० नॅनोमीटरचं मीटर करताना आकडा ६५०पेक्षा बराच लहान यायला हवा: ०.००००००६५, म्हणजे ६.५ × १०^−७. तो ६५० अब्ज आला असेल तर भागायच्या जागी गुणलं आहे. पुढे काही तपासायची गरज नाही.

ही तपासणी पहिली का, तर दिशा उलटली की चूक दुप्पट घरांनी होते. मायक्रोमीटरचं मिलिमीटर करताना १०००ने भागायचं सोडून गुणलं तर उत्तर हजारपट नाही, दहा लाखपट चुकतं. नॅनोमीटर ते मीटरमध्ये हीच चूक १०^१८ पटीची होते. एवढी मोठी चूक नजरेत भरायला हवी, पण घातांकाच्या रूपात लिहिल्यावर ती नुसत्या एका उणे चिन्हाएवढी दिसते आणि सुटून जाते. म्हणून रूपांतर करण्याआधीच समासात लिहून ठेवा: "आकडा लहान होणार" किंवा "आकडा मोठा होणार".

ओळखीच्या मापांशी ताडून पाहा

काही मापं तोंडपाठ असावीत. माझा आग्रह आहे की सूत्रांच्या आधी ही पाठ करावीत, कारण सूत्र विसरलं तर पुस्तकात सापडतं. उत्तर शक्य कोटीतलं आहे का, हे मात्र पुस्तक सांगत नाही.

साध्या छपाईच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रोमीटर. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रोमीटर. तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रोमीटर. आतड्यातला ई. कोलाय जिवाणू सुमारे २ मायक्रोमीटर लांब. दृश्य प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर. कोरोना विषाणू १०० नॅनोमीटरच्या आसपास. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रुंदी २ नॅनोमीटर. हिऱ्यातल्या दोन शेजारच्या कार्बन अणूंमधलं अंतर ०.१५४ नॅनोमीटर, तेच १.५४ अँगस्ट्रॉम, तेच १५४ पिकोमीटर. त्याखाली थेट अणुकेंद्रक: प्रोटॉनची त्रिज्या सुमारे ०.८४ फेम्टोमीटर.

आता तुमचं उत्तर यांच्यात कुठे बसतं ते बघा. जिवाणूची लांबी ०.००२ मायक्रोमीटर आली असेल तर तो डीएनएइतका बारीक झाला, आणि हे शक्य नाही. विषाणू ०.१ मिलिमीटरचा निघाला असेल तर तो नुसत्या डोळ्यांनी दिसायला हवा. अशा तुलनेत एका क्षणात कळतं की चूक नेमकी तीन घरांची आहे.

चूक किती पटीची आहे?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अपेक्षित उत्तर साधारण माहीत असेल, किंवा दोघांची उत्तरं वेगळी आली असतील, तर मोठ्याला लहानाने भागा. जो आकडा येईल तो बहुतेक वेळा दोषी कोण ते सांगतो.

भागाकार बरोबर १० आला, तर संशयित तीन. एक, अँगस्ट्रॉम आणि नॅनोमीटर यांची गल्लत (१ नॅनोमीटर = १० अँगस्ट्रॉम). दोन, सेंटीमीटर आणि मिलिमीटर यांची गल्लत. तीन, कॅल्क्युलेटरवरचं घातांकाचं बटण, ज्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

१०० आला, तर बहुधा सेंटीमीटरमधला आकडा मीटर समजून सूत्रात घातला आहे, किंवा चौरस मिलिमीटर आणि चौरस सेंटीमीटर यांच्यात घोळ आहे.

१००० आला, तर तुम्ही मिली, मायक्रो, नॅनो या हजाराहजाराच्या जिन्यातली एक पायरी चुकलात: मायक्रो वाचायच्या जागी मिली वाचलं, किंवा नॅनोच्या जागी मायक्रो. हा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो, आणि दर वेळी दोष वाचणाऱ्याचाच असतो असं नाही. त्याचं कारण पुढच्या भागात येईल.

दहा लाख आला, तर दोन पायऱ्या सुटल्या असतील, एका पायरीवर दिशा उलटली असेल, किंवा एका पायरीचं घनफळाचं रूपांतर लांबीच्या गुणकाने केलं असेल. १०^१२ किंवा १०^१८ आला, तर मायक्रोमीटर-मीटर किंवा नॅनोमीटर-मीटर यांच्यातली दिशा उलटली आहे, हे जवळजवळ नक्की समजा.

२५.४ आला, तर इंच कुठून तरी घुसला आहे. १ इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर. त्याचाच भाऊ म्हणजे "मिल": इंचाचा हजारावा भाग, म्हणजे २५.४ मायक्रोमीटर. प्लॅस्टिकच्या फिल्मची आणि रंगाच्या थराची जाडी या एककात दिली जाते आणि वाचणारा "मिल"ला मिलिमीटर समजतो. तसं झालं तर भागाकार सुमारे ३९.४ येतो.

आणि भागाकार २, १.३३, ३.१४ असा काही आला तर एककांवर संशय घेऊ नका. २ म्हणजे त्रिज्या आणि व्यास यांची अदलाबदल. ३.१४ म्हणजे वर्तुळाचा पाय (π) कुठेतरी राहिला किंवा दोनदा आला. १.३३ म्हणजे पाण्याचा अपवर्तनांक. हवेतली तरंगलांबी पाण्यातली समजून वापरली गेली. मेट्रिक एककांच्या आपसातल्या रूपांतरात फक्त दहाचे घात येतात. दहाचा घात नसलेली चूक दुसरीकडून आलेली असते, आणि हे एकदा लक्षात आलं की बराच वेळ वाचतो.

एकक मुळातून पुन्हा वाचा

भागाकार १००० आला असेल तर गणिताला हात लावण्याआधी मूळ कागद पाहा. मायक्रोचं चिन्ह म्हणजे ग्रीक अक्षर म्यू. जुन्या दस्तऐवजांत हे अक्षर अनेकदा "सिम्बॉल" नावाच्या फॉन्टमधून घातलेलं असतं. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी एमच्या जागी म्यू दिसतो. मजकूर दुसरीकडे चिकटवला, फॉन्ट बदलला, की म्यूचा पुन्हा एम होतो आणि मायक्रोमीटर आपसूक मिलिमीटर होतं. कोणी काही चुकीचं टाइप केलेलं नसतं, तरी माप हजारपट वाढतं. लेखात "२०० मिलिमीटर व्यासाचे कण" असं काही दिसलं तर आधी हीच शंका घ्या आणि मूळ पीडीएफ किंवा छापील प्रत मिळवा.

म्यूची आणखी एक अडचण आहे. युनिकोडमध्ये दिसायला सारखी दोन चिन्हं आहेत: एक ग्रीक अक्षर, दुसरं खास "मायक्रो"साठीचं. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण संगणकाला दिसतो. म्हणून शोध घेतला तर निम्म्या नोंदी सापडत नाहीत आणि आपोआप रूपांतर करणारा प्रोग्रॅम निम्म्या ओळी वगळतो. म्यू टाळण्यासाठी काही जण त्याजागी यू लिहितात. तो मायक्रोच समजावा.

अक्षर लहान आहे की मोठं हेही बघा. लहान एम म्हणजे मिली, मोठा एम म्हणजे मेगा. दोघांत १०^९ पटीचं अंतर. लहान एन आणि लहान एम म्हणजे नॅनोमीटर. लहान एन आणि मोठा एम असेल तर ते लांबीचं एककच नाही, ते द्रावणाची संहती सांगणारं नॅनोमोलर आहे. मोठा एन आणि लहान एम म्हणजे न्यूटन-मीटर. संगणकाने वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं केलं की असे घोळ होतात.

जुनी पुस्तकं वापरत असाल तर तिथली नावंही वेगळी. "मायक्रॉन" म्हणजे मायक्रोमीटरच. हे नाव १९६७मध्ये अधिकृत यादीतून वगळलं गेलं, पण बोलण्यात अजून आहे आणि त्यात काही बिघडत नाही. "मिलिमायक्रॉन" दिसलं तर ते नॅनोमीटर समजा. "फर्मी" म्हणजे फेम्टोमीटर. अँगस्ट्रॉम हे नाव स्वीडनचे भौतिकशास्त्रज्ञ आंदेर्स अँगस्ट्रॉम यांच्यावरून आलं; स्फटिकशास्त्रात ते आजही सर्रास वापरतात, कारण अणूंमधली अंतरं त्यात एक-दोन-तीन अशा सुटसुटीत आकड्यांत येतात.

पायऱ्या मोजा

मीटर, मिलिमीटर, मायक्रोमीटर, नॅनोमीटर, पिकोमीटर, फेम्टोमीटर. हा एक जिना आहे आणि प्रत्येक पायरी हजाराची, म्हणजे दशांश चिन्हाची तीन घरं. नॅनोमीटरपासून मिलिमीटरपर्यंत दोन पायऱ्या, म्हणून सहा घरं. ६५० नॅनोमीटर = ०.६५ मायक्रोमीटर = ०.०००६५ मिलिमीटर. घाईत असाल तरी थेट उडी मारू नका. मधली पायरी कागदावर लिहा. चूक उडीत होते, पायरीवर क्वचित.

या जिन्यात सेंटीमीटर बसत नाही. ते मीटरचा शंभरावा भाग आहे, त्यामुळे हजाराची सवय झालेला हात तिथे हमखास चुकतो. १ सेंटीमीटर = १० मिलिमीटर = १०,००० मायक्रोमीटर = १,००,००,००० नॅनोमीटर. माझा उपाय साधा आहे: सेंटीमीटर दिसलं की सगळ्यात आधी त्याचं मिलिमीटर करायचं आणि मग जिना उतरायचा. अँगस्ट्रॉमलाही हाच नियम: आधी नॅनोमीटर करा, मग पुढे जा.

मराठीत आकडे लिहिणाऱ्यांना आणखी एक अडथळा येतो. आपण स्वल्पविराम हजारानंतर दोन-दोन घरांनी देतो: १,००,००,००,०००. मेट्रिक उपसर्ग मात्र तीन-तीन घरांनी चालतात. त्यामुळे स्वल्पविराम मोजून पायऱ्या मोजायला गेलं की हिशेब बिघडतो: वरच्या आकड्यात स्वल्पविराम चार आहेत, पायऱ्या तीनच. रूपांतराच्या कामात स्वल्पविराम सोडून द्या आणि घातांक वापरा. मिली १०^−३, मायक्रो १०^−६, नॅनो १०^−९, पिको १०^−१२, फेम्टो १०^−१५. शब्दांत हवं असेल तर मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग आणि नॅनो म्हणजे अब्जावा भाग.

कॅल्क्युलेटरचं बटण

दहापट चुकीचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. वैज्ञानिक कॅल्क्युलेटरवर घातांकासाठी एक बटण असतं. त्यावर ईएक्सपी, ईई किंवा "×१०" असं लिहिलेलं असतं. त्या बटणाचा अर्थच "गुणिले दहाचा अमुक घात" असा आहे. ६.५ × १०^−७ भरायचं तर ६.५, मग ते बटण, मग उणे ७. बस. पण हात आपोआप ६.५, गुणिले, १०, बटण, उणे ७ असा जातो. कॅल्क्युलेटर ते ६.५ × १० × १०^−७ असं वाचतो, आणि उत्तर ६.५ × १०^−६ येतं. कधी हात बरोबर जातो, कधी नाही, म्हणून उत्तर कधी बरोबर तर कधी दहापट चुकलेलं.

उलट, हे बटण न वापरता ५ × १० आणि घाताचं चिन्ह असं सुटं सुटं भरलं, तर भागाकारात घोटाळा होतो. १ ÷ ५ × १०^−७ असं भरलं की कॅल्क्युलेटर आधी १ला ५ने भागतो आणि मग १०^−७ने गुणतो: उत्तर २ × १०^−८. आपल्याला हवं होतं २ × १०^६. छेदातली संख्या कंसात घाला, किंवा घातांकाचं बटण वापरा. ते सगळी संख्या एकसंध धरतं.

खात्री करायची असेल तर ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं काही भरून पाहा: १ नॅनोमीटर गुणिले १०^९. उत्तर १ मीटर यायला हवं. १० आलं तर बटण चुकतंय.

वर्ग, घन आणि व्यस्त

लांबी बरोबर पण क्षेत्रफळ चुकीचं, हे लक्षण असेल तर गुणकाचा वर्ग करायचा राहिला आहे. १ मिलिमीटर = १,००० मायक्रोमीटर, म्हणून १ चौरस मिलिमीटर = १०^६ चौरस मायक्रोमीटर आणि १ घन मिलिमीटर = १०^९ घन मायक्रोमीटर. चौरस नॅनोमीटरचं चौरस मीटर करताना गुणक १०^−९ नाही, १०^−१८.

घनफळासाठी एक सुंदर पडताळा आहे. १ घन मायक्रोमीटर म्हणजे बरोबर १ फेम्टोलिटर. तांबड्या रक्तपेशीचं सरासरी घनफळ रक्ताच्या अहवालात फेम्टोलिटरमध्येच येतं, साधारण ९०च्या आसपास. म्हणजे ९० घन मायक्रोमीटर. तुमच्या पेशीचं घनफळ ०.०९ किंवा ९०,००० घन मायक्रोमीटर आलं तर घन करताना एक पायरी हुकली आहे. तसंच १ घन मिलिमीटर म्हणजे १ मायक्रोलिटर.

व्यस्त एककांत दिशाच उलटते. विवर्तन जाळीवर (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या, बारीक समांतर रेषा आखलेल्या पट्टीवर) "प्रति मिलिमीटर ६०० रेषा" लिहिलेलं असतं. प्रति मीटर किती? ६,००,०००, इथे मोठ्या एककाकडे जाताना आकडा वाढला, कारण मीटर छेदात आहे. दोन रेषांमधलं अंतर मात्र १ भागिले ६०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे १.६६७ मायक्रोमीटर. वर्णपटशास्त्रातली तरंगसंख्या (एका सेंटीमीटरमध्ये किती तरंग बसतात ती संख्या) "प्रति सेंटीमीटर" असते, त्यामुळे तिथे सेंटीमीटर आणि व्यस्त दोन्ही एकदम येतात. १०^७ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की ती मिळते: ५०० नॅनोमीटरला २०,००० प्रति सेंटीमीटर. हा एक जोड लक्षात ठेवा आणि तुमची पद्धत त्यावर चालवून पाहा.

सूत्रात लपलेलं एकक

फोटॉनची ऊर्जा काढताना १२४०ला तरंगलांबीने भागायचं, हे अनेकांना पाठ असतं. त्या १२४०च्या पोटात नॅनोमीटर आणि इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहेत. ५०० घातलं तर उत्तर २.४८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, अगदी बरोबर. पण शिस्त पाळणारा विद्यार्थी आधी ५ × १०^−७ मीटर करतो, तेच सूत्रात घालतो आणि २.४८ × १०^९ मिळवतो. त्याने रूपांतर बरोबर केलेलं असतं, फक्त नको तिथे केलेलं असतं. पाठ केलेल्या प्रत्येक आकड्याशेजारी त्याची एककं लिहून ठेवा.

स्प्रेडशीट, प्रोग्रॅम आणि फाइल

रकान्यात ०.०० दिसत असेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा आत संख्या शाबूत असते, फक्त दोन दशांश स्थळंच दाखवली जात असतात. सेलचं स्वरूप वैज्ञानिक करा, संख्या दिसेल. पण ते करण्याआधी ती फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले नुसते आकडे) म्हणून साठवू नका. काही स्प्रेडशीट प्रोग्रॅम सीएसव्हीत जे दिसतं तेच लिहितात. मग शून्य खरोखरचं शून्य होतं आणि मूळ मोजमाप गेलं ते गेलं.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी याहून अवघड दोष तुलनेत असतो. "फरक अमुकपेक्षा कमी असेल तर दोन्ही सारखे" असं लिहिताना ती सहनमर्यादा मीटरच्या जगातली असते. पायथॉनच्या नमपाय या गणिती लायब्ररीमधल्या तुलनेच्या फंक्शनची मूळ निरपेक्ष मर्यादा १०^−८ आहे. लांबी मीटरमध्ये असेल तर ते १० नॅनोमीटर झाले. म्हणजे २ नॅनोमीटर आणि ८ नॅनोमीटर त्याच्या लेखी सारखेच. उपाय: आतला सगळा हिशेब नॅनोमीटर किंवा मायक्रोमीटरमध्ये ठेवा आणि मीटर फक्त शेवटी करा.

त्रिमितीय छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या एसटीएल फाइलमध्ये एकक लिहिलेलंच नसतं, नुसते आकडे असतात. पाठवणाऱ्याने मीटर धरले आणि उघडणाऱ्याने मिलिमीटर, तर मॉडेल हजारपट लहान दिसणारच. फाइलच्या नावातच एकक लिहिणं हा मला सापडलेला सगळ्यात टिकाऊ उपाय.

सूक्ष्मदर्शकाचं माप

इथे येईपर्यंत रूपांतर निर्दोष ठरलं असेल आणि तरी पेशी अडीचपट किंवा चारपट चुकत असेल, तर वस्तुभिंगं आठवा: ४, १०, ४०, १००. त्यांची गुणोत्तरं २.५ आणि ४ आहेत. एका भिंगावर केलेलं कॅलिब्रेशन (ज्ञात मापाशी जुळवून केलेली मोजणी) दुसऱ्यावर वापरलं गेलं आहे.

नेत्रभिंगातल्या पट्टीच्या रेघांना स्वतःचं माप नसतं. स्टेज मायक्रोमीटर ही काचपट्टी घ्या. तिच्यावर बहुधा १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे प्रत्येक भाग १० मायक्रोमीटर. समजा नेत्रभिंगाचे ४० भाग स्टेजच्या १० भागांशी जुळले. १० भाग म्हणजे १०० मायक्रोमीटर, म्हणून नेत्रभिंगाचा एक भाग २.५ मायक्रोमीटर. हे प्रत्येक भिंगासाठी वेगळं करा, आणि कॅमेरा किंवा त्याचा जोड बदलला तर पुन्हा करा. छायाचित्राखाली "४०० पट" लिहिण्यापेक्षा चित्रातच मापपट्टी छापा. चित्र लहान-मोठं केलं तरी पट्टी त्याच्याबरोबर बदलते, लिहिलेली पट बदलत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

रूपांतर सुलट आणि उलट दोन्ही दिशांनी जमतंय, भागाकार दहाच्या घाताचा नाही, ओळखीच्या कारणांपैकी एकही लागू पडत नाही, अशा वेळी कागदावर आणखी वेळ घालवू नका. दोष मोजमापात आहे. साधा स्क्रू गेज ०.०१ मिलिमीटर, म्हणजे १० मायक्रोमीटरपर्यंत वाचतो. त्यावरून २ मायक्रोमीटरचा दावा करता येत नाही. तापमानाचाही हिशेब धरा. लांबीच्या मापांसाठी प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे, आणि १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा १० अंशांनी तापला तर साधारण ११ ते १२ मायक्रोमीटर वाढतो. हे धरूनही प्रमाणित ठोकळ्यावरचं वाचन जमत नसेल, तर उपकरण उघडू नका, स्क्रू फिरवू नका. आयएसओ/आयईसी १७०२५ या आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळेकडे पाठवा.

दोन पद्धतींचं जमत नसेल तर सोयीची निवडून पुढे जाऊ नका. हबल दुर्बिणीचा मुख्य आरसा तपासणाऱ्या उपकरणात एका भिंगाची जागा १.३ मिलिमीटरने चुकली होती. त्यामुळे आरशाची कड सुमारे २.२ मायक्रोमीटर जास्त सपाट घासली गेली. इतर चाचण्यांत विसंगती दिसली होती, पण मुख्य उपकरण जास्त अचूक म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष झालं. १९९०मध्ये दुर्बीण अवकाशात गेली आणि चित्रं अंधुक आली; डिसेंबर १९९३मध्ये अंतराळवीरांनी तिथे जाऊन दोष सुधारणारी उपकरणं बसवली.

लेसरच्या बाबतीत तर पहिल्याच शंकेला थांबा. संरक्षक चष्म्यावर तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये असते, लेसरच्या माहितीपत्रकात कधी मायक्रोमीटरमध्ये. १.०६ मायक्रोमीटर म्हणजे १,०६० नॅनोमीटर, आणि १०.६ मायक्रोमीटर म्हणजे १०,६०० नॅनोमीटर. हे दोन पूर्णपणे वेगळे लेसर आहेत, दोन्ही अदृश्य, आणि दशांश चिन्हाच्या एका घराने चष्मा चुकला तर डोळा जातो. लेसर सुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने चष्मा पाहून होकार दिल्याशिवाय यंत्र सुरू करू नका. बुबुळावरच्या पारपटलाची जाडी अहवालात मायक्रोमीटरमध्ये येते, साधारण पाचशेच्या थोडी वर. तिचं रूपांतर समजून घ्यायला हरकत नाही, पण त्यावरून निर्णय नेत्रतज्ज्ञांनीच घ्यायचा. आणि उत्पादनाच्या आराखड्यावर एकक अस्पष्ट असेल तर अंदाज करू नका, ज्याने आराखडा काढला त्यालाच विचारा.

जाणकाराकडे जाताना या गोष्टी बरोबर न्या: मूळ वाचन जसं नोंदवलं तसंच, त्याचं एकक जसं लिहिलेलं होतं तसंच, रूपांतराची प्रत्येक पायरी, मोजमापाच्या वेळचं तापमान, आणि तुम्ही काढलेला भागाकार. आकडे पूर्णांकात बसवून किंवा नीटनेटके करून नेऊ नका; शेवटच्या घरातला विचित्र अंकच कित्येकदा त्यांना कारण सांगतो.